२६ जुलै १८५८ : रॉथशील्ड अखेर सभागृहात

लंडनचे धनाढ्य बँकर लायनेल द रॉथशील्ड यांनी या दिवशी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये आसन ग्रहण केले. धर्मांतर न करता तिथे रीतसर बसणारे ते पहिले ज्यू खासदार. सिटी ऑफ लंडनच्या मतदारांनी त्यांना १८४७ मध्येच निवडून दिले होते. घोडे अडले ते शपथेपाशी. ‘ख्रिस्ती म्हणून माझ्या सच्च्या श्रद्धेनुसार’ हे शब्द उच्चारायला ते तयार नव्हते. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, कॉमन्स शपथ बदलण्याची विधेयके संमत करत राहिले आणि वरिष्ठ सभागृह, म्हणजे लॉर्ड्स, ती फेटाळत राहिले. दरम्यान १८५१ मध्ये निवडून आलेले आणखी एक ज्यू, डेव्हिड सॅलोमन्स, शपथेतले ते शब्द गाळून थेट सभागृहात बसले, मतदानही केले. त्यांना ५०० पौंड दंड झाला!

शेवटी प्रत्येक सभागृहाने आपापली शपथ ठरवावी, अशी पळवाट निघाली. रॉथशील्ड यांनी डोके झाकून, जुन्या करारावर हात ठेवून शपथ घेतली. एवढ्या खटाटोपाने प्रवेश मिळालेल्या त्या सभागृहात पुढे त्यांनी एकही भाषण केले नाही. लॉर्ड्समध्ये पहिले ज्यू सदस्य १८८५ मध्ये आले : त्यांचेच पुत्र नेथन.