सुटी तबकडी

ग्रामोफोनची तबकडी ज्यांनीं हाताळली आहे, त्यांना संगणकाच्या तबकडीची कल्पना देणें फारसें अवघड नाहीं. एकीवर सूर कोरलेले असतात व सुई त्यांवरून फिरते. दुसरीवर अक्षरें व अंक चुंबकाच्या सूक्ष्म खुणांनीं उमटलेले असतात व एक चुंबकी टोंक त्यांवरून फिरतें. भेद एवढाच कीं, ग्रामोफोनची तबकडी एकदां कोरली म्हणजे कायमची. संगणकाची तबकडी शाळेंतील पाटीप्रमाणें पुसून पुन्हां लिहितां येते. परंतु दोहोंत एक साम्यही आहे, आणि या इतिहासाचें बीज त्यांतच आहे. यंत्र एक आणि तबकड्या अनेक, हें तें साम्य होय. घरांत ग्रामोफोन एकच असला तरी तबकड्यांचा संग्रह वाटेल तेवढा वाढवितां येतो, शेजाऱ्याला उसना देतां येतो, कपाटांत जपून ठेवतां येतो. संगणकाला हें सामर्थ्य लाभलें, तेव्हांच तो कचेरी सोडून घरांत येण्यास लायक झाला.

प्रारंभीं अशी स्थिति नव्हती. सन १९५६ मध्यें अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें सॅन होझे येथें तयार केलेलें तबकड्यांचें पहिलें यंत्र जाहीर केलें. त्यांत चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. या तबकड्या काढतां येत नसत. सन १९६२ मध्यें त्याच कंपनीनें सुटी जुडी आणली : चौदा इंची सहा तबकड्या, वजन सुमारें दहा पौंड, मजकूर २० लक्ष अक्षरें. झांकण उघडावें, जुडी दांड्यावर बसवावी, काम संपलें कीं उचलून फडताळांत ठेवावी. पगारपत्रकाची जुडी वेगळी, मालाच्या हिशेबाची वेगळी. तत्त्व सांपडलें होतें. परंतु तें पेढ्यांना व कारखान्यांनाच परवडणारें होतें.

घरांत शिरली ती निराळीच तबकडी, आणि तिचा जन्म मोठ्या यंत्राच्या एका किरकोळ गरजेंतून झाला. नव्या संगणकांच्या स्मृतींतील मूळ सूचना वीज बंद होतांच पुसल्या जात व पुन्हां भराव्या लागत. त्यासाठीं एखादें स्वस्त साधन शोधण्याचें काम १९६७ सालीं सॅन होझे येथें डेव्हिड नोबल यांच्याकडे आलें. चुंबकी लेप दिलेल्या पातळ प्लॅस्टिकची आठ इंची तबकडी त्यांतून निघाली. प्रथम ती उघडीच असे व धूळ बसून खराब होई. म्हणून तिला चौकोनी पाकिटांत कायमची बंद केली आणि पाकिटाला आंतून मऊ अस्तर लाविलें. तबकडी फिरे आणि फिरतां फिरतां अस्तरानें तिची धूळ पुसली जाई. वांकणारी म्हणून तिला ‘फ्लॉपी’ म्हणूं लागले. १९७१ सालीं ती बाहेर पडली तेव्हां तिच्यावर सुमारें ८० हजार अक्षरें मावत व ती केवळ वाचतां येई. १९७३ सालीं लिहितां येणारी फ्लॉपी आय.बी.एम.नें आणली. तिच्यावर सुमारें अडीच लक्ष अक्षरें मावत. म्हणजे ८० अक्षरांच्या भोंकें पाडलेल्या कार्डांचा तीन हजारांचा गठ्ठा एका पाकिटांत आला. १९७६ सालीं शुगार्ट असोसिएट्स या कंपनीनें सव्वापांच इंची तबकडी व तिची ड्राइव्ह काढली, आणि मेजावर ठेवण्याजोगें माप मिळालें.

त्याच सुमारास अमेरिकेंत घरगुती संगणक विकत मिळूं लागले होते. १९७७ सालच्या ‘ॲपल टू’ची किंमत १,२९८ डॉलर होती. पण त्यावर केलेलें काम ठेवावयाचें कोठें? तर साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. फीत गुंडाळून योग्य जागीं आणावी, आवाजाचें बटण बरोबर त्या बेताला ठेवावें, आणि काहीं मिनिटें वाट पाहावी. एवढें करूनही शेवटीं चूक झाल्याचा संदेश यावयाचा तो येईच. कंपनीचे एक संचालक माइक मार्कुला यांनीं बँकेच्या चेकबुकाचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम रचला होता. तो कॅसेटवरून भरण्यास इतका वेळ लागे कीं, हिशेब हातानें करणें परवडलें असतें. त्यांनीं स्टीव्ह वोझ्नियाक यांच्याकडे तबकडीची मागणी केली.

वोझ्नियाक यांनीं १९७७ सालचा नाताळ या कामीं घातला. शुगार्ट कंपनीच्या ड्राइव्हचा सांगाडा घेऊन त्यांनीं तिच्यावरील विजेचे बरेचसे भाग काढून टाकले. जें काम इतरांच्या यंत्रांत भागांच्या गर्दीनें भरलेला फळा करी, तें त्यांनीं संगणकाच्या प्रोग्रॅमकडे सोंपविलें. नियंत्रणाच्या कार्डावर अवघ्या आठ चिपा उरल्या. जानेवारी १९७८ मध्यें लास वेगास येथील प्रदर्शनांत ती ड्राइव्ह दाखविली गेली व त्याच वर्षीं विक्रीस आली. आगाऊ मागणी नोंदविणारांस ती कार्डासह ४९५ डॉलरांस मिळाली. संगणकाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून ही रक्कम अधिक होती, तरीही गिऱ्हाइकांची वाण पडली नाहीं.

ही ड्राइव्ह बसविण्याचें काम घरच्या घरीं करावयाचें असे, आणि रेडिओचा डबा उघडण्यासही भिणाऱ्या मनुष्याला तें करावें लागे. प्रथम वीज बंद करावयाची. मग संगणकाचें वरचें झांकण उचलून आंतील आठ खांचांपैकीं बहुधा सहाव्या खांचेंत कार्ड दाबून बसवावयाचें, आणि ड्राइव्हची चपटी केबल कार्डावरील पहिल्या क्रमांकाच्या जागीं जोडावयाची. दुसरी ड्राइव्ह असली तर तिची जागा शेजारींच. खरा धोका या जोडणींत होता. केबलचें टोंक एका पिनेनें जरी सरकून बसलें आणि वीज सुरू केली, तरी ड्राइव्हमधील चिप जळून जाई. झांकण लावून वीज दिली कीं ड्राइव्हमधून खडखडाट ऐकूं येई. नव्या मालकाला वाटे, यंत्र मोडलें! वस्तुतः मोडलेलें कांहींच नसे. चुंबकी टोंक तबकडीच्या कोणत्या रेषेवर आहे हें सांगणारें साधन खर्चाच्या बचतीसाठीं गाळलें होतें. म्हणून संगणक तें टोंक कडेच्या अडसरावर पुन्हां पुन्हां आपटवी व तेथून रेषा मोजण्यास आरंभ करी.

कोरी तबकडी आणली कीं तिच्यावर प्रथम रेषा व घरें आंखून घ्यावीं लागत. या ड्राइव्हवर आरंभीं ३५ रेषा व प्रत्येक रेषेवर १३ घरें असत. प्रत्येक घरांत २५६ अक्षरें. सर्व मिळून १,१६,४८० अक्षरें होत. १९८० सालीं प्रोग्रॅम सुधारून त्याच रेषेवर १६ घरें बसविण्यांत आलीं. तबकडी तीच, ड्राइव्ह तीच, कार्डावरील दोन चिपा बदलल्या कीं जागा वाढून १,४३,३६० अक्षरांची होई. काटकसरी मालक याच्याही पुढें गेले. पाकिटाच्या कडेला एक लहान खांच असे. ती असली तर तबकडीवर लिहितां येई आणि कागदाच्या पट्टीनें बुजविली तर मजकूर सुरक्षित राही. ड्राइव्ह एकाच बाजूनें लिही. म्हणून लोकांनीं कात्रीनें समोरच्या कडेलाही खांच पाडली व पाकीट उलटें घालून दुसरी बाजूही वापरण्यास आरंभ केला.

या ड्राइव्हनें संगणकाचें स्वरूपच पालटलें. १९७९ सालीं व्हिजिकॅल्क हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम तबकडीवर विकला जाऊं लागला आणि केवळ त्यासाठीं लोक संगणक विकत घेऊं लागले. प्रोग्रॅम ही पुस्तकासारखी दुकानांत मिळणारी वस्तु झाली. तिच्याबरोबर नक्कल करण्याची चोरटी चालही आली, आणि तबकडीच्या मार्गानें रोगही आले. १९८६ सालीं लाहोरमधील दोघां भावांनीं रचलेला ‘ब्रेन’ हा विषाणु फ्लॉपीच्या पहिल्या घरांत लपून देशोदेशींच्या संगणकांत पोंचला. उसनी तबकडी घरांत घेतांना विचार करावा लागतो, हा धडा लोकांना तेव्हांपासून मिळाला.

ऑगस्ट १९८१ मध्यें आय.बी.एम.नें स्वतःचा वैयक्तिक संगणक आणला. त्याची १,५६५ डॉलरांची मूळ आवृत्ति विना-ड्राइव्हचीच होती व तिला कॅसेटची जोडणी होती. परंतु बहुतेकांनीं १६० किलोबाइटांची फ्लॉपी ड्राइव्ह घेतलीच. येथें पहिल्या ड्राइव्हला ‘ए’ व दुसरीला ‘बी’ हीं नांवें मिळालीं. दोन्हीं ड्राइव्हांवरील कळी एकाच जागीं बसवावयाच्या आणि केबलच्या काहीं तारांना मध्यें पीळ द्यावयाचा; पिळाच्या पुढें जोडलेली ती ‘ए’, पिळाच्या अलीकडील ती ‘बी’, अशी ती सोपी युक्ति होती. १९८३ सालीं यंत्रांत कायमची बसविलेली दहा मेगाबाइटांची तबकडी आली. ‘ए’ व ‘बी’ हीं अक्षरें फ्लॉपीसाठीं राखलेलीं असल्यामुळें तिला ‘सी’ नांव पडलें. आज घरोघरच्या संगणकांत फ्लॉपी नाहीं, तरी मुख्य तबकडीला ‘सी’च म्हणतात, ‘ए’ व ‘बी’ कोठें गेल्या, हें नव्या पिढीला सहसा ठाऊक नसतें.

पुढें सोनी कंपनीची साडेतीन इंची तबकडी प्रचारांत आली. तिचें पाकीट कठीण होतें, धातूचें सरकतें झांकण तिला होतें, आणि ती खिशांत निर्धास्त राही. १९८४ सालच्या मॅकिंटॉशनें ती स्वीकारली. १९८७ सालापासून ती १.४४ मेगाबाइटांची झाली. परंतु चित्रें व छपाईचीं पानें साठविण्यास ही जागा अपुरी पडूं लागली. अमेरिकेंतील युटा राज्यांतील आयोमेगा कंपनीनें १९९५ सालीं ‘झिप’ ही ड्राइव्ह विक्रीस आणली. किंमत सुमारें २०० डॉलर, तबकडी सुमारें २० डॉलरांची, आणि तिच्यावर मजकूर १०० मेगाबाइट, म्हणजे जवळ जवळ सत्तर फ्लॉप्यांचा ऐवज. तिचा एक प्रकार तर संगणक न उघडतां प्रिंटरच्या जागीं जोडतां येई व प्रिंटर तिच्या पाठीमागें लागे. ड्राइव्ह पिशवींत घालून दुसऱ्याच्या घरीं नेतां येई. परंतु काहीं ड्राइव्हांतून ‘टक् टक्’ असा आवाज येऊं लागे आणि तबकडीवरील मजकूर हातचा जाई. बिघडलेली तबकडी चांगल्या ड्राइव्हमध्यें घातली तर तीही बिघडण्याचा संभव असे. १९९८ सालीं ग्राहकांनीं कंपनीवर दावा दाखल केला.

तोंवर काळ बदललाच होता. ६५० मेगाबाइटांची लिहितां येणारी सी.डी. स्वस्त झाली. १९९८ सालीं ॲपलचा आयमॅक फ्लॉपी-ड्राइव्हवांचून आला, आणि २००० सालीं बोटाएवढी, न फिरणारी यू.एस.बी. स्मृति बाजारांत आली. सोनीनें मार्च २०११ मध्यें जपानांतील फ्लॉपीची विक्री थांबविली.

येथें इतिहास संपत नाहीं. त्याचा खरा प्रश्न येथेंच उपस्थित होतो. तबकड्या घरोघर राहिल्या, ड्राइव्ह मात्र गेल्या. जॉर्डन मेक्नर या तरुणानें ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ ॲपल टूवर रचून १९८९ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा मूळ मजकूर हरवला असेंच तो समजत होता. २०१२ सालीं वडिलांनीं घराची झाडलोट करतांना कपाटाच्या मागील बाजूस एक खोकें सांपडलें. त्यांत साडेतीन इंची तबकड्या होत्या. जुनीं यंत्रें बाळगणाऱ्या जाणकारांनीं आपलीं साधनें आणून त्या काळजीपूर्वक वाचल्या, व मजकूर हातीं आला. परंतु प्रत्येकाच्या कपाटापाशीं असे जाणकार येत नाहींत. कोणाचीं पत्रें, कोणाचा प्रबंध, कोणाच्या मुलाचें पहिलें चित्र या चौकोनी पाकिटांत मुकें होऊन पडलें आहे.

महाराष्ट्राला हें दुःख अनोळखी नाहीं. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यास सुरक्षित आहेत. कागद टिकला, शाई टिकली. परंतु मोडी वाचणारे विरळ झाले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासारख्यांनीं १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले म्हणून त्यांतील कांहीं भाग सामान्य वाचकांस खुला झाला. मराठीच्या बाबतींत तर संगणकावरही हीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली. १९९० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरसांच्यांत जुळविलेला मजकूर तबकडीवरून सुखरूप बाहेर काढला, तरी तो सांचा जवळ नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची ओळच उमटते. एक कुलूप उघडावें तों आंत दुसरें कुलूप.

जुन्या पोथ्या वांचल्या त्या ताडपत्राच्या किंवा कागदाच्या बळावर वांचल्या नाहींत. एक प्रत जीर्ण होऊं लागली कीं कोणीतरी बसून दुसरी उतरून काढी, म्हणून त्या वांचल्या. एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तीही हातीं आलेल्या जुन्या प्रतींवरूनच. सुट्या तबकडीनें मनुष्याला आपली स्मृति खिशांत बाळगण्याची सोय दिली; नक्कल करीत राहण्याच्या कर्तव्यांतून तिनें त्याला मुक्त केलें नाहीं. ज्याच्या कपाटांत अशीं पाकिटें असतील, त्यानें तीं वाचणारें यंत्र कोठेंतरी चालू आहे तोंवरच तीं बाहेर काढलेलीं बरीं.