११७ मतांचा पराभव : रेगन, फोर्ड आणि १९७६ची उमेदवारी

मार्च १९७६. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी झालेल्या पहिल्या पाचही प्रायमरी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जिंकल्या होत्या. त्यांना आव्हान देणारे रोनाल्ड रेगन यांच्या प्रचारयंत्रणेवर सुमारे वीस लाख डॉलरचे कर्ज चढले होते आणि पक्षातील थोर मंडळी त्यांना माघार घेण्याचा सल्ला जाहीरपणे देत होती. पाचच महिन्यांनी हेच रेगन पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारीपासून अवघी साठ मते दूर होते. या पाच महिन्यांत काय घडले आणि ती साठ मते नेमकी कुठे राहून गेली, यावर आजचा हा थ्रेड. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

आधी पार्श्वभूमी. फोर्ड हे अमेरिकेच्या इतिहासातील एक विलक्षण राष्ट्राध्यक्ष. लाचखोरीच्या आरोपांमुळे उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी १९७३ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा रिक्त जागेवर निक्सन यांनी फोर्ड यांना नेमले. ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सनही गेले आणि फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही पदांसाठी देशाने त्यांना एकही मत दिलेले नव्हते. त्यांचा मतदारसंघ म्हणजे मिशिगनमधील एक लोकसभा जिल्हा, एवढाच. त्यामुळे १९७६ची उमेदवारी हा त्यांच्यासाठी उपचार नव्हता. आपल्याच पक्षाने नाकारलेला राष्ट्राध्यक्ष ही नामुष्की त्यांना टाळायची होती.

पक्षाची उजवी फळी त्यांच्यावर पहिल्यापासून नाराज होती. फोर्ड यांनी उपराष्ट्राध्यक्षपदी नेल्सन रॉकफेलर यांना आणले, हे या मंडळींच्या दृष्टीने अक्षम्य होते. १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध उमेदवारीसाठी लढलेले न्यू यॉर्कचे उदारमतवादी गव्हर्नर ते हेच. शिवाय परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचे सोव्हिएत संघाशी सलोख्याचे धोरण त्यांना शरणागती वाटे. नोव्हेंबर १९७५ मध्ये रॉकफेलर यांनी आपण पुढील निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले. पण तोवर उशीर झाला होता. त्याच महिन्याच्या २० तारखेला कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर रेगन मैदानात उतरले.

आता थोडे यंत्राविषयी, कारण पुढील सारा खेळ यंत्राचाच आहे. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत राज्याराज्यांतील पक्षाचे मतदार, काही ठिकाणी प्रायमरीतून तर काही ठिकाणी राज्य अधिवेशनांतून, प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवतात. १९७६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे असे २,२५९ प्रतिनिधी होते. बहुमताचा आकडा १,१३०. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे : कुठे जिंकणाऱ्याला सगळे प्रतिनिधी, कुठे मतांच्या प्रमाणात, कुठे प्रतिनिधी कुणालाच बांधील नाहीत. लोकप्रियता एक गोष्ट आणि हा हिशेब दुसरी.

रेगन यांच्या प्रचाराचे सूत्रधार होते जॉन सिअर्स. १९६८ मध्ये निक्सन यांच्यासाठी प्रतिनिधी गोळा करण्याचा अनुभव गाठीशी असलेला हा वकील. त्यांची योजना साधी होती. न्यू हॅम्पशायर आणि फ्लोरिडा या सुरुवातीच्या राज्यांत फोर्ड यांना धक्का द्यायचा. निवडून न आलेला राष्ट्राध्यक्ष तेवढ्यानेच कोसळेल. लढाई महिनाभरात संपणार असे गृहीत धरल्यामुळे न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी यांसारख्या पुढच्या मोठ्या राज्यांत फळी उभारण्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. ही बाब लक्षात ठेवा.

गृहीतक पहिल्याच राज्यात मोडले. त्याचे बीज रेगन यांनीच सप्टेंबर १९७५ मध्ये शिकागोतील एका भाषणात पेरले होते. केंद्र सरकारचे काही कार्यक्रम राज्यांकडे सोपवावेत, त्यातून ९० अब्ज डॉलर वाचतील, असे ते म्हणाले होते. श्रोत्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. स्टुअर्ट स्पेन्सर यांना मात्र वाटले. स्पेन्सर म्हणजे १९६६ मध्ये रेगन यांना गव्हर्नरपदी निवडून आणणाऱ्या जोडगोळीपैकी एक; आता ते फोर्ड यांच्या गोटात होते. न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा ना प्राप्तिकर ना विक्रीकर, आणि तेथील लोकांना त्याचा मोठा अभिमान. स्पेन्सर यांनी एवढाच प्रश्न उभा केला : केंद्राने हात काढून घेतल्यावर हा खर्च भागवायला राज्याने कर कोणता लावायचा? करकपातीचा पुरस्कर्ता उमेदवार आठवडेच्या आठवडे आपण कर वाढवणार नाही हे समजावत फिरला. २४ फेब्रुवारीला फोर्ड सुमारे दीड टक्क्याच्या फरकाने जिंकले. मतदानापूर्वीचे शेवटचे दोन दिवस रेगन राज्याबाहेर होते, याची चुटपुट त्यांच्या माणसांना पुढे वर्षानुवर्षे लागून राहिली.

फ्लोरिडातील निवृत्तांना स्पेन्सर यांच्या मंडळींनी सामाजिक सुरक्षा निधीची भीती घातली. तेथेही फोर्ड. मग इलिनॉय, रेगन यांची जन्मभूमी. तेथे तर फोर्ड यांना ५९ टक्के.

येथे नॉर्थ कॅरोलिना येते, आणि या कथेतील माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगा भाग सुरू होतो. या राज्यात सूत्रे सिअर्स यांच्या हाती नव्हती. ती होती सिनेटर जेसी हेल्म्स आणि त्यांचे सहकारी टॉम एलिस यांच्याकडे. सिअर्स यांचा आग्रह असे की राष्ट्राध्यक्षांवर थेट हल्ला नको, सौम्य आणि कारभारी प्रतिमा हवी. एलिस यांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांनी रेगन यांचे अर्ध्या तासाचे एक भाषण राज्यातील जवळजवळ सर्व दूरचित्रवाणी केंद्रांवरून दाखवले. चकचकीत जाहिरात नव्हे. एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो आहे, बस्स. आणि विषय : किसिंजर, सोव्हिएत संघ आणि पनामा कालवा.

पनामा कालवा! फोर्ड यांचे सरकार कालव्याचा ताबा पुढेमागे पनामाला देण्याविषयी वाटाघाटी करत होते. वाटाघाटी नव्या नव्हत्या. १९६४च्या दंगलींनंतर जॉन्सन यांच्या काळातच त्यांना आरंभ झाला होता. रेगन सांगू लागले की कालवा आपण विकत घेतला, बांधला, तो आपला आहे आणि आपल्याकडेच राहील. कायद्याच्या दृष्टीने हे विधान लंगडे होते. १९०३च्या कराराने अमेरिकेला कालव्याच्या पट्ट्यात जणू आपण सार्वभौम असल्याप्रमाणे वागण्याचे अधिकार मिळाले होते, आणि त्या ‘जणू’तच सगळे आले. खुद्द गोल्डवॉटर यांनी या प्रश्नावर फोर्ड यांची बाजू घेतली. पण व्हिएतनाम नुकतेच हातचे गेले होते. सायगाव पडून वर्षही लोटले नव्हते. सभेतील माणसाला कराराचे कलम ऐकायचे नव्हते. आपण आणखी काही सोडणार नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे होते.

या विजयाला एक काळी कडाही आहे. फोर्ड उपराष्ट्राध्यक्षपदासाठी एडवर्ड ब्रुक या कृष्णवर्णीय सिनेटरचा विचार करत असल्याची बातमी छापलेली पत्रके एलिस यांच्या माणसांनी तयार केली होती. दक्षिणेत त्याचा अर्थ काय होतो हे सर्वांना ठाऊक होते. रेगन यांनी ती थांबवायला सांगितले. तथापि ज्या यंत्रणेने त्यांना तारले तिची जडणघडण कशातून झाली होती, हे विसरून ही कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२३ मार्च. रेगन ५२ टक्के, फोर्ड ४६ टक्के. १ मे रोजी टेक्सस : पणाला लागलेले ९६च्या ९६ प्रतिनिधी रेगन यांच्याकडे. तेथे पक्षनोंदणीचे बंधन नसल्यामुळे जॉर्ज वॉलेस यांच्या मागे असलेले डेमोक्रॅट मतदारही रिपब्लिकन प्रायमरीत उतरले. पाठोपाठ जॉर्जिया, अलाबामा, इंडियाना. मिशिगनने आपल्या सुपुत्राला, म्हणजे फोर्ड यांना, सावरले. ८ जूनला कॅलिफोर्नियाचे सर्व १६७ प्रतिनिधी रेगन यांना आणि त्याच दिवशी ओहायो व न्यू जर्सी फोर्ड यांना. प्रायमरी संपल्या, पण बहुमत कुणाकडेच नव्हते. शंभराहून अधिक प्रतिनिधी कुंपणावर होते.

कुंपणावरच्या माणसाला राष्ट्राध्यक्ष काय देऊ शकतो? व्हाइट हाऊसमधील भोजन, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी समारंभात मानाची जागा, आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांचा घरी दूरध्वनी. फोर्ड यांनी यात हात आखडता घेतला नाही. प्रत्येक प्रतिनिधीची कुंडली ठेवणारे त्यांचे शिलेदार होते टेक्ससचे वकील जेम्स बेकर; पुढे थोरल्या बुश यांचे परराष्ट्रमंत्री झाले ते हेच. जुलैच्या मध्यास फोर्ड गोट बहुमताचा दावा करू लागला.

सिअर्स यांना भीती होती की एकदा दूरचित्रवाणीने निकाल जाहीर केला की उरलेले प्रतिनिधी विजेत्याच्या मांडवात धावतील. म्हणून २६ जुलैला त्यांनी डाव टाकला. अधिवेशनाआधीच रेगन यांनी आपला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार घोषित केला : पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर रिचर्ड श्वायकर, कामगार संघटनांचे लाडके, पक्षातील ठळक उदारमतवादी. केवळ मतांच्या बेरजेसाठी विरुद्ध विचारांचा जोडीदार घेऊ नये, असे रेगन स्वतःच सांगत आले होते.

उद्देश होता पेनसिल्व्हेनियाच्या शंभरावर प्रतिनिधींत खिंडार पाडण्याचा. किल्ली होती ड्रू लुईस यांच्याकडे. ते श्वायकर यांचे जिवलग मित्र आणि त्या राज्यात फोर्ड यांच्या बाजूचे प्रमुख. लुईस यांनी नकार दिला. आपण शब्द दिला आहे, असे त्यांचे म्हणणे. खिंडार पडले नाहीच, उलट दक्षिणेत भिंत खचली. मिसिसिपीचे पक्षाध्यक्ष क्लार्क रीड मनाने रेगन यांच्याकडे झुकलेले होते. त्यांनी संतापून फोर्ड यांना पाठिंबा दिला. मिसिसिपीची तीसही मते सहसा एकगठ्ठा पडत, त्यामुळे हा घाव वर्मी होता.

म्हणून हा डाव निव्वळ मूर्खपणाचा होता का? मला तसे वाटत नाही. लढाई जुलैतच संपली असे कुणीही म्हणू शकले नाही आणि रेगन यांना तीन आठवडे श्वास घ्यायला मिळाला. पण ज्या माणसांनी पनामा कालव्यासाठी रस्त्यावर उतरून मते मागितली होती त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. हेल्म्स तर इतके बिथरले की सिनेटर जेम्स बकली यांना तिसरा उमेदवार म्हणून उभे करण्याच्या हालचाली सुरू झाल्या.

ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीत अधिवेशन भरले. सिअर्स यांनी आणखी एक पेच टाकला, तो ‘१६-सी’ या नियमाचा : प्रत्येक इच्छुकाने आपला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मतदानापूर्वी जाहीर करावा. फोर्ड यांनी कुणाचेही नाव घेतले तरी पक्षातला कुणी ना कुणी दुखावणारच, हा हिशेब. १७ ऑगस्टच्या रात्री हा ठराव १,०६८ विरुद्ध १,१८० मतांनी फेटाळला गेला. सर्वांचे डोळे मिसिसिपीकडे होते आणि तिची तीसही मते विरोधात पडली. बऱ्याच लेखांत मिसिसिपीनेच रेगन यांना हरवले असे वाचायला मिळते. आकडे तसे सांगत नाहीत. ती तीस मते फिरली असती तरी ठराव पडलाच असता. फार तर म्हणता येईल की मिसिसिपीकडे पाहून इतर डळमळीत प्रतिनिधींनी आपले मन ठरवले.

दुसऱ्या रात्री अंतिम मतदान. फोर्ड १,१८७, रेगन १,०७०. वर म्हटलेली साठ मते ती हीच : तेवढी इकडून तिकडे गेली असती तर रेगन बरोबर १,१३० वर पोहोचले असते. ती मिसिसिपीत शोधण्यापेक्षा न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत शोधावीत. लढाई तोवर संपलेली असेल असे समजून जेथे वेळेत फळीच उभारली नव्हती, तेथे.

विजय फोर्ड यांचा, पण जाहीरनाम्यात रेगन गटाने आणलेले परराष्ट्र धोरणातील नैतिकतेचे कलम शिरले. ते किसिंजर यांच्यावरचे उघड टीकास्त्र होते, तरी फोर्ड यांनी गिळले. १९ ऑगस्टला समारोपाच्या रात्री त्यांनी रेगन यांना व्यासपीठावर बोलावले. शंभर वर्षांनी उघडल्या जाणाऱ्या कालकुपीसाठी आपल्याला एक पत्र लिहायला सांगितले आहे, आणि ते वाचणाऱ्यांना आपण अण्वस्त्रे टाळली की नाही हे ठाऊक असेल, असे ते काही मिनिटे बोलले. सभागृहातील अनेकांना त्या क्षणी आपण चुकीच्या माणसाला निवडले असे वाटून गेले, अशी आठवण उपस्थितांनी पुढे सांगितली आहे. अशा आठवणी १९८० नंतर अधिक ठळक होतात, हेही ध्यानात घ्यावे.

नोव्हेंबरमध्ये जिमी कार्टर यांनी फोर्ड यांना २९७ विरुद्ध २४० निर्वाचक मतांनी हरवले. बेरीज ५३८ व्हायला हवी; एक मत कमी भरते. ते वॉशिंग्टन राज्यातील एका निर्वाचकाने, उमेदवार नसतानाही, रेगन यांना दिले होते.

सिअर्स यांना रेगन यांनी १९८० साठीही ठेवले, मात्र न्यू हॅम्पशायरची प्रायमरी झाली त्याच दिवशी काढून टाकले. त्या प्रायमरीत रेगन जिंकले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. कार्टर यांनी केलेले पनामाचे करार १९७८ मध्ये सिनेटने मंजूर केलेले होते. रेगन यांनी आठ वर्षांत त्यांना हात लावला नाही. श्वायकर १९८१ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. आणि वाहतूकमंत्री? फोर्ड यांना दिलेला शब्द न मोडणारे ड्रू लुईस.