सुभेदार रामजी सकपाळ : शिपाई, शिक्षक आणि बाप

दरवर्षी १४ एप्रिलला आपण पाळणा म्हणतो, मिरवणूक काढतो. भीमाई आणि रामजी ही नावं त्या दिवशी घरोघरी घेतली जातात. पण "बाबासाहेबांचे वडील" यापलीकडे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हा माणूस कोण होता, असं वस्तीतल्या पोरांना विचारून पाहा. दोन वाक्यांत उत्तर संपते. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्या जुन्या शिपायाची आठवण मांडतो आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी पलटणीत होते. पत्नी भीमाबाई मुरबाडच्या, त्यांचे माहेरही लष्करातले. त्या काळी गावात महाराच्या पोराला शाळेची पायरी चढता येत नव्हती. पण कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांमुलींना शिकणे सक्तीचे होते. गावाने जे अक्षर नाकारले ते छावणीत मिळाले. बंदुकीबरोबर पाटी-पुस्तकही हातात आले, ही गोष्ट आपल्या इतिहासात फार मोलाची आहे.

रामजींनी त्याचे सोने केले. शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले, सुभेदारीपर्यंत चढले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, ते आपले बाबासाहेब.

त्यानंतर वर्षभरातच घाव बसला. १८९२ मध्ये सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ज्यांचे पूर्वज पडले, ज्यांची नावे तिथल्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांनाच आता लढवय्ये नाहीत म्हणून बाहेर काढले. नुसती नोकरी गेली नाही. पगार गेला, पेन्शन गेली, पोरांची शाळा गेली. आमच्यासारख्या गिरणीत खपलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. फाटक बंद झालं की एका माणसाचं नाही, अख्ख्या घराचं ताट रिकामं होतं.

या हुकमाविरुद्ध समाजाने सरकारकडे अर्ज केला. पुढे १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर भाषण करताना बाबासाहेबांनी सांगितले की, वडिलांनी जपून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यांना या अर्जाचा कागद सापडला. विचारपूस केली तेव्हा कळले की मसुदा रानड्यांनी करून दिला होता. बंधूंनो, हे नीट ध्यानात घ्या. रामजींना जाऊन तीस वर्षे झाली होती, पण त्यांनी जपलेला कागद मुलाच्या कामी आला. छावणीतून सुटलेल्या शिपायाने वर्दी उतरवली, पण अर्ज लिहिण्याची आणि कागद राखण्याची शिस्त सोडली नाही.

निवृत्तीनंतर रामजी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या. चौदा लेकरांपैकी पाचच उरली होती: बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. पाठीला बाक असलेली आत्या मीराबाई घर सांभाळू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पेन्शनीत भागेना म्हणून रामजी खटाव भागात दुष्काळी कामावर रोखपाल झाले. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पोरांना भेटायला बोलावले. पोरं नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे घालून मोठ्या हौसेने निघाली. मसूर स्टेशनवर जात कळली तेव्हा दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडीत घेईना. शेवटी पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचे, असे ठरले. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून पोरं रात्रभर उपाशी राहिली. पोरं येणार असल्याची चिठ्ठी नोकराने रामजींना दिलीच नव्हती. सरकारची चाकरी केलेल्या सुभेदाराच्या लेकरांना घोटभर पाणी मिळू नये, ही त्या काळची रीत होती. बाबासाहेबांनी स्वतः ही हकिकत लिहून ठेवली आहे.

रामजींनी पुढे दुसरे लग्न केले, ते लहानग्या भीमरावांना रुचले नाही. मुंबईला पळून जावे, गिरणीत काम करावे, असे त्यांच्या मनात आले. तिकिटासाठी आत्याच्या बटव्यावर डोळा ठेवला. तीन रात्री गेल्या, चौथ्या रात्री बटवा हाती लागला, तर आत अर्धा आणा! तेव्हा त्यांनी ठरवले की आता अभ्यासच करायचा. आम्हा गिरणीवाल्यांना ही गोष्ट वाचून हसूही येते आणि छातीत धस्सही होते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत, एका खोलीत राहायला आले. म्हातारा बाप पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचा. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीच्या दारात जायचा. लेक दागिना काढून द्यायची, तो गहाण पडायचा, पेन्शन आली की सुटायचा. आपण बापाचे नाव घेतो तेव्हा या बहिणींचेही घेतले पाहिजे. मुलाने परीक्षा पास केली म्हणून लोक सत्कार करू लागले, तेव्हा रामजींनी आधी नकारच दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, हे त्यांचे म्हणणे. दादा केळुसकरांनी समजूत घातली, सत्कार झाला आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. रामजी स्वतः कबीरपंथी होते. पण त्या घरात आलेल्या त्या पुस्तकापासून निघालेली वाट १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोचली.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. मुलगा बडोद्याला नोकरीवर होता. तार मिळताच निघाला. सुरतेला बापासाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी चुकली. पोचला तेव्हा शेवटची घटका आली होती. त्याच वर्षी तो मुलगा अमेरिकेत शिकायला गेला. १९२३ मध्ये त्यांचा रुपयावरचा ग्रंथ लंडनला निघाला, तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी सोसले, ही कृतज्ञता त्यात नोंदवली. आणि बापाच्या गठ्ठ्यातल्या अर्जाचे काम? १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन आपल्या शेजारच्या कामठीत उभी झाली.

प्रताप नगरच्या बंधूंनो आणि भगिनींनो, कोणाच्या आजोबांनी फौजेत, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत दिवस काढले असतील. त्यांची पेटी माळ्यावर असेल. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, एखादा बिल्ला, युनियनची पावती त्यात असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. म्हातारे जिवंत असतील तर शेजारी बसून विचारा, वहीत लिहून घ्या, तारीख टाका. रामजींनी गठ्ठा जपला म्हणून तो अर्ज आपल्यापर्यंत आला. आपला गठ्ठा आपणच जपायचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!