घंटांचा माग

श्रीवर्धनात राहून वसईच्या चर्चमधील घंटांविषयी लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. श्रीवर्धन हा जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख. १९४८ पर्यंत हे गाव जंजिरा संस्थानातच होते. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची ठाणी चौल, साष्टी, वसई अशी वरच्या अंगाला होती. तथापि ज्या घराण्याच्या पराक्रमाने त्या घंटा चर्चच्या मनोऱ्यांतून उतरल्या, त्या भट घराण्याचे मूळ गाव हेच होय. श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर गेले, १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले आणि १७२० साली निवर्तले. थोरले बाजीराव आणि चिमाजी अप्पा हे त्यांचे पुत्र. जवळचा हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत, आणि गावातील पेशवे स्मारक आजही त्या नात्याची आठवण देत आहे. म्हणूनच वसईच्या घंटांची कथा आम्हांला आमच्या दारातूनच सुरू होताना दिसते.

मोहिमेचा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. दोन वर्षांच्या निकराच्या झुंजीनंतर मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. शिबंदीला मानाने बाहेर पडू दिले गेले, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. पुढील वर्षी, १७४० च्या तहाने, चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज धर्मगुरू गेले, त्यांच्या जागी गोव्याचे एतद्देशीय धर्मगुरू आले, आणि आपल्या पूर्वजांनी जपमाळ हातची सोडली नाही. कोर्लईच्या लोकांनी तर पोर्तुगीजमिश्रित बोलीही आजतागायत जिभेवर ठेवली आहे. परंतु मोठी मोठी चर्च ओस पडली. रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा सातखणी मनोरा तेवढा उभा राहिला. मनोरे राहिले, घंटा गेल्या.

त्या गेल्या कोठे? हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून पिढ्यान् पिढ्या विचारला जातो, आणि त्याचे ठरलेले उत्तर असे की, चिमाजी अप्पांनी वसईहून पाच मोठ्या घंटा नेल्या व त्या पाच देवळांस अर्पण केल्या. नावे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, पुण्याचे ओंकारेश्वर, शिरूरचे रामलिंग आणि आमच्याच रायगड जिल्ह्यातील पालीचा बल्लाळेश्वर. एवढी नावे घेतली की पाचांचा आकडा ओलांडला जातो. लोकपरंपरा ही असत्य नसते. परंतु ती बेरीज करीत नाही. ती एका नामांकित पुरुषाच्या आणि एका नामांकित किल्ल्याच्या खाती सर्व काही जमा करून टाकते. इतिहासाचे काम या जमाखर्चाची नोंद तपासण्याचे आहे.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. वसई पडली मे १७३९ मध्ये. चिमाजी अप्पांचे निधन झाले डिसेंबर १७४० मध्ये. म्हणजे त्यांच्या हातून जे काही दान झाले असेल, ते या अवघ्या दीड वर्षातले. आता नाशिककडे वळू. पंचवटीत गोदावरीच्या काठी असलेले रामेश्वराचे देऊळ सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ साली बांधले. त्याच्या दर्शनी भागी टांगलेली प्रचंड घंटा नारोशंकराची घंटा म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. देऊळ उभे राहिले तेव्हा चिमाजी अप्पांना जाऊन सहा वर्षे लोटली होती. मेणवलीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तेथील घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली पवित्र मारिया आहे आणि वर्ष आहे १७०७. वजन साडेसहाशे किलो सांगतात. परंतु मेणवली हे गाव नाना फडणविसांना मिळाले १७६८ साली, आणि कृष्णेवरचा घाट, वाडा व मेणेश्वराचे देऊळ त्यानंतरचे. स्वतः नाना जन्मले १७४२ साली, म्हणजे वसई पडल्यावर तीन वर्षांनी. तेव्हा चर्चचा मनोरा आणि कृष्णेचा घाट यांच्यामध्ये त्या घंटेने तीस वर्षांहून अधिक काळ कोठेतरी काढला, हे उघड आहे. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. एका झटक्यात वसईहून वाईला गेली नाही.

दुसरा हिशेब स्थळाचा. १७३७ ते १७४० या काळात केवळ वसईच नव्हे, तर ठाणे, साष्टी, वसईचा परगणा आणि चौल एवढ्या प्रदेशातील चर्चचा ताबा बदलला. चौल-रेवदंड्यातच मुख्य चर्चखेरीज फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघीय यांची चर्च होती. या सर्वांच्या मनोऱ्यांत घंटा असणारच. म्हणून 'वसईची घंटा' या शब्दांचा अर्थ 'पोर्तुगीज मुलखातील घंटा' एवढाच धरावा लागतो. पालीपासून वसईपेक्षा चौल किती तरी जवळ आहे, हे नकाशावर बोट ठेवताच ध्यानात येते. बल्लाळेश्वराच्या घंटेचे मूळ घर ठरवायचे, तर ऐकीव नावावर विसंबून चालणार नाही. साक्ष घंटेलाच विचारावी लागेल.

घंटा साक्ष देते ती कशी, हे समजण्यासाठी ती घडते कशी हे पाहिले पाहिजे. चर्चची घंटा काशाची असते. सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे तिचे प्रमाण. मातीचा गाभा, त्यावर घंटेच्या आकाराचा थर आणि त्यावर मातीचेच बाहेरचे कवच, असा साचा करतात. क्रूस, मरियामातेची प्रतिमा, अक्षरे व अंक मेणाचे करून मधल्या थरावर चिकटवीत आणि त्यांचा ठसा कवचाच्या आतल्या अंगावर उमटे. मधला थर काढून त्या पोकळीत रस ओतला की अक्षरे घंटेच्या अंगावर उठावाची येत. यात इतिहासाच्या दृष्टीने मोठी मौज आहे. छिन्नीने कोरलेले वर्ष कोणीही, केव्हाही कोरू शकतो. उठावाचे वर्ष मात्र घंटेच्या जन्माबरोबरच जन्मते. ते तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसारखे आहे. आपल्याकडे नव्या घंटेला बिशपांच्या हस्ते आशीर्वाद देऊन एखाद्या संताचे नाव देण्याची प्रथा होती, ती पाहता ही उपमा केवळ अलंकारिक नाही.

हरवलेल्या वाद्याचा माग असाच खुणांवरून काढतात. आमच्या गायनवृंदातील तरुणांना रुचेल असे एक अलीकडचे उदाहरण देतो. बीटल्स या जगप्रसिद्ध वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात सुमारे तीस पौंडांना एक व्हायोलिनच्या आकाराची विजेची बेस गिटार घेतली. हॉफनर कंपनीची ही ५००/१ जातीची गिटार. ती ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका गाडीतून चोरीस गेली. २०१८ साली तिचा शोध पद्धतशीरपणे सुरू झाला. त्या जातीच्या गिटारी पुढे पुष्कळ निघाल्या; परंतु १९६१ च्या घडणीत तारांचा नाद टिपणारे दोन्ही पिकअप मानेच्या बाजूला एकमेकांजवळ बसविलेले असत, आणि अशा गिटारी दुर्मीळ. जुनी छायाचित्रे, दुरुस्तीच्या खुणा आणि लोकांनी पाठविलेली माहिती यांच्या आधारे ती इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात एका घराच्या माळ्यावर निघाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मूळ धन्याकडे परत आल्याचे जाहीर झाले. एका गिटारीसाठी एवढी खटपट झाली. आपल्या घंटा तर माळ्यावर लपलेल्या नाहीत. त्या उघड्यावर टांगलेल्या आहेत आणि रोज वाजत आहेत. उणे आहे ते त्यांच्या अंगावरच्या खुणा वाचणाऱ्याचे.

हाम्बुर्गचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने जर्मनीतून आणि व्यापलेल्या देशांतून सुमारे पावणेदोन लाख चर्चघंटा उतरविल्या. त्यांतील सुमारे दीड लाख युद्धसामग्रीसाठी वितळविल्या गेल्या. उरलेल्या हाम्बुर्गच्या बंदरावर रांगेने पडून होत्या. त्या जागेला लोक 'घंटांची दफनभूमी' म्हणत. त्याआधी फ्रान्सच्या राज्यक्रांतीतही चर्चच्या घंटा वितळवून नाणी व तोफा केल्या गेल्या. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांत ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी हे केले. आणि आपल्या गोव्यातच पाहा. पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये जी मोठी घंटा आहे, ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियनांच्या चर्चची. १८३४-३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघ बंद केले, ते चर्च ओस पडले, घंटा प्रथम आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीला आली. आपल्याच राज्यकर्त्यांनी नेलेली घंटा तीस वर्षे गलबतांना वाट दाखवीत राहिली.

या पार्श्वभूमीवर नाशिकच्या आणि मेणवलीच्या घंटांकडे पुन्हा पाहावे. काशाला तेव्हाही मोल होते. तोफांना धातू हवाच होता. तरीही विजयी सैन्याने या घंटा भट्टीत टाकल्या नाहीत. त्या विजयचिन्ह म्हणून नेल्या, यात संशय नाही. पराभूतांना त्याचा सल वाटला असणार, हेही नाकारता येत नाही. परंतु त्या टांगल्या गेल्या त्या प्रार्थनेच्या जागी. मेणवलीच्या घंटेवरील मरियामातेची प्रतिमा कोणी छिन्नीने उडविली नाही. जी घंटा पूर्वी दिवसातून तीनदा देवदूताने मरियामातेला दिलेल्या निरोपाची आठवण करून देई, ती अडीच शतके शिवभक्तांच्या कानी नाद घालीत आहे. तिचा नाद बदलला नाही, ऐकणारे बदलले.

'त्या आमच्या आहेत, त्या परत मागाव्यात,' असे बोल आपल्या समाजात अधूनमधून ऐकू येतात. ते अगदीच निराधार नव्हेत. युद्धकाळात मूळ गावापासून तुटून जर्मनीतील चर्चमध्ये राहिलेल्या घंटा पोलंड व चेकिया या देशांतील मूळ धर्मग्रामांना परत देण्याचे काम तेथील एका धर्मप्रांताने अलीकडच्या वर्षांत हाती घेतले आहे. परंतु तेथे देणारा आपण होऊन देत आहे, आणि घेणारे मनोरे अजून उभे आहेत. आपल्या घंटांचे मनोरे ढासळले. त्यांच्या जागी झाडे वाढली. ज्या घंटेने मेणवलीच्या आठ-दहा पिढ्यांची पहाट केली, तिला आता तेथून उतरविणे म्हणजे १७३९ ची कृती उलट दिशेने पुन्हा करणे होय. तसेच, त्या घंटेकडे बोट दाखवून शेजाऱ्याला जुना पराभव ऐकविणाऱ्यांनीही तिच्या अंगावरची प्रतिमा एकदा जवळून पाहावी. आमचे मत स्पष्ट आहे: घंटा मागू नये, तिची ओळख मात्र मागावी. जेथे ती आहे तेथे ती कोणत्या वर्षी घडली आणि कोणत्या चर्चसाठी, एवढे सांगणारी एक साधी पाटी देवस्थान आणि धर्मग्राम यांनी मिळून लावली, तर दोघांचाही मान वाढेल.

यासाठी करावयाचे काम अवघड नाही. देवस्थानच्या व्यवस्थापकांची रीतसर परवानगी घ्यावी. घंटेच्या तोंडाचा व्यास आणि उंची मोजावी. वर्ष उठावाचे आहे की कोरलेले, हे बोटाने चाचपून पाहावे. क्रूस, प्रतिमा आणि अक्षरे यांची छायाचित्रे सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावीत, म्हणजे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. रंगाचे थर खरवडू नयेत. काशाला इजा झाली की ती भरून येत नाही. तडा गेलेली घंटा सांधून पूर्वीसारखी वाजती करणे हे खास कारागिरांचेच काम; ते न जमल्यास ती वितळवून नव्यानेच ओतावी लागते. आणि मग तिच्या अंगावरची साक्ष कायमची पुसली जाते.

आणि हे सर्व देवळांतून करण्यापूर्वी आपल्याच मनोऱ्यांत करावे. कित्येक धर्मग्रामांत आज ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित घंटानाद ऐकविला जातो आणि वरची खरी घंटा दोरावाचून मुकी लोंबते. तिच्यावर कोणते वर्ष आहे, कोणत्या संताचे नाव आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? पुढील सणाच्या आधी धर्मग्रामातील चार तरुणांनी जिना चढावा, धूळ झाडावी, अक्षरे उतरवून घ्यावीत आणि धर्मग्रामाच्या दप्तरात ती नोंद ठेवावी. खाली आल्यावर दोर नवा बांधावा.