तबकडी आपली, खेळ त्यांचा

१६ नोव्हेंबर २००४ रोजी 'हाफ-लाइफ २' हा संगणकावरचा खेळ दुकानांत विक्रीला आला. पहिला 'हाफ-लाइफ' १९९८ सालचा. चाहत्यांनी सहा वर्षे वाट पाहिली होती. बॉक्स घरी आणायचा, आतल्या पाच सीड्या एकामागून एक संगणकात घालायच्या, आणि मग कळायचे की एवढ्याने भागत नाही. 'स्टीम' नावाच्या सेवेत खाते उघडा, बॉक्समधला क्रमांक त्या खात्यावर नोंदवा आणि इंटरनेटवरून खेळ खुला करून घ्या. खेळ एकट्याने खेळायचा, त्यातली कथा एकट्याने अनुभवायची. तरीही इंटरनेटला जोडून घेतल्याशिवाय पहिले दृश्यसुद्धा दिसणार नव्हते. त्या दिवशी इतक्या लोकांनी एकदम दार ठोठावले की वॉल्व्ह या कंपनीच्या सर्व्हरना तो भार पेलवेना. पैसे मोजलेले, सीडी हातात, आणि माणूस स्वतःच्याच घरात ताटकळत बसलेला.

आज याचे कोणाला फारसे नवल वाटणार नाही. वीस वर्षांपूर्वी मात्र लोक चांगलेच खवळले होते. त्यांची तक्रार प्रामुख्याने गैरसोयीची होती. मालकीचा प्रश्न त्या गैरसोयीखाली झाकला गेला आणि तो वर यायला बरीच वर्षे लागली.

खेळांना कुलपे त्याआधीही होती. नक्कल होऊ नये म्हणून १९८०च्या दशकातले खेळ मध्येच थांबवून विचारायचे, माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरचा तमुक शब्द कोणता? 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) या खेळासोबत पुठ्ठ्याची दोन चक्रे मिळत. ती फिरवून पडद्यावरच्या चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि खिडकीतून दिसणारे साल टंकायचे. 'लेन्सलॉक' हा प्रकार तर फारच तापदायक होता. प्लास्टिकचे एक भिंग टीव्हीच्या काचेला लावून विस्कटलेली अक्षरे वाचायची. टीव्ही फार लहान किंवा फार मोठा असला की अक्षरे जुळायचीच नाहीत. लोक या सगळ्याला वैतागत. पण कुलूप आणि किल्ली, दोन्ही खरेदीदाराच्या घरात असत. खेळ मित्राला द्यावा, अर्ध्या किमतीत विकावा, ट्रंकेत टाकून दहा वर्षांनी काढावा. पुस्तकाचे जे करता येते ते सारे करता येई, आणि कंपनी बुडाली तरी पुठ्ठ्याचे चक्र फिरतच राही.

वॉल्व्ह ही १९९६ साली गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी काढलेली कंपनी. 'हाफ-लाइफ'च्या सांगाड्यावर हौशी मंडळींनी 'काउंटर-स्ट्राइक' रचला आणि तो मूळ खेळापेक्षाही जास्त पसरला. अडचण अशी की त्यात काही दुरुस्ती केली की ती प्रत्येकाने स्वतः शोधून उतरवून घ्यावी लागे. निम्म्यांकडे नवी आवृत्ती, निम्म्यांकडे जुनी. मग काही दिवस कोणालाच कोणाशी धड खेळता येत नसे. यावर उपाय म्हणून स्टीम जन्मले. मार्च २००२ मध्ये घोषणा झाली, १२ सप्टेंबर २००३ रोजी ते लोकांच्या हाती आले. दुरुस्त्या आपोआप याव्यात, फसवणूक करणारे पकडले जावेत, एवढाच हेतू सांगितला गेला आणि तो खोटा नव्हता. पुढे जुलै २००४ मध्ये 'वॉन' हे खेळाडूंना जोडणारे जुने जाळे बंद झाले आणि ज्यांना स्टीम नको होते त्यांचाही मार्ग खुंटला. तरी इथवर प्रश्न इतरांबरोबर खेळण्याचा होता. 'हाफ-लाइफ २'ने तीच अट एकट्याने खेळणाऱ्यावर घातली. माझ्या मते खरी उडी ती.

या उडीमागे एक भांडण होते. वॉल्व्हचे खेळ 'सिएरा' ही प्रकाशन संस्था विकत असे आणि सिएरा होती विवेंडी या बड्या उद्योगसमूहाच्या ताब्यात. आपले खेळ परवानगी नसताना सायबर कॅफेंना दिले जात आहेत, असा आरोप करून वॉल्व्हने २००२ मध्ये दावा लावला. विवेंडीने उलट दावा केला; स्टीम आणून वॉल्व्ह आपल्याला डावलू पाहत आहे, असे तिचे म्हणणे होते. कोर्टाने सायबर कॅफेंच्या मुद्द्यावर वॉल्व्हची बाजू उचलून धरली आणि एप्रिल २००५ मध्ये तडजोड झाली. म्हणजे 'हाफ-लाइफ २'चे बॉक्स दुकानात गेले तेव्हा ते छापणारी आणि तो खेळ रचणारी कंपनी कोर्टात एकमेकींसमोर उभ्या होत्या. बॉक्स एकीचा, किल्ली दुसरीची. लिहिण्यावाचण्याच्या जगातली माणसे अशा भांडणात सहसा लेखकाच्या बाजूची असतात आणि मीही वॉल्व्हच्याच बाजूला झुकतो. प्रकाशकाच्या जाचातून सुटण्यासाठी तिने वाट काढली. फक्त त्या वाटेवरचा टोलनाका ग्राहकाच्या दारात उभा राहिला.

सायबर कॅफे म्हटले की आपल्याकडच्या एका पिढीला 'काउंटर-स्ट्राइक'च आठवेल. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत 'काउंटर-स्ट्राइक १.६'ची जी प्रत फिरायची तिला 'नॉन-स्टीम' म्हणत. हा शब्द मुलांच्या तोंडी इतका रुळला होता की त्यात नकार दडला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. चोरीचीच प्रत ती, तिचे समर्थन करण्यात अर्थ नाही. पण त्या वेळची परिस्थिती पाहा. ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती सेकंदाला किमान २५६ किलोबिट. एक सीडी ७०० मेगाबाइटची धरली तर पाच सीड्यांचा ऐवज त्या वेगाने उतरवायला अखंड तीस तास लागतील. महिन्याचा डेटा मोजून मिळायचा. रात्री दोन ते सकाळी आठ फुकट वापराच्या योजना होत्या, तेव्हा मुले गजर लावून उठत आणि डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपत. वर महाराष्ट्रात भारनियमन. या हिशेबात 'आपोआप येणारी दुरुस्ती' म्हणजे न मागता आलेले बिल. रास्त पैसे देणाऱ्याला नोंदणी, प्रतीक्षा आणि तुटणारे कनेक्शन; चोरीची प्रत घेणाऱ्याला यातले काहीच नाही. चोरीचा प्रश्न मुळात किमतीचा नसून सेवेचा आहे, असे न्यूएल यांनी २०११ मध्ये म्हटले. स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या त्या नोव्हेंबर २०१५ मध्ये.

स्टीम पुढे सुधारले आणि लोकांच्या अंगवळणी पडले हेही खरे. सवलतीचे सेल आले, संगणक बदलला तरी खेळ खात्यावर शाबूत राहू लागले, दुकानाच्या फळीवर कधीच जागा न मिळालेल्या छोट्या निर्मात्यांना ग्राहक मिळाला. पण त्याचे यश पाहून प्रत्येक मोठ्या कंपनीला आपापले नाके हवेसे झाले. खेळ स्टीमवर विकत घ्यायचा. तो सुरू करताना दुसऱ्याच कंपनीची खिडकी उघडणार, तिचे वेगळे खाते, वेगळा पासवर्ड. युबिसॉफ्टने २०१० मध्ये संगणकावर आणलेला 'असॅसिन्स क्रीड २' तर कायम इंटरनेट मागायचा. जोडणी तुटली की एकट्याचा खेळही थांबायचा, आणि त्याच मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा प्रामाणिक खरेदीदार बाहेर राहिले. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी'ची तीच गत झाली. नगर वसवण्याचा हा निवांत, एकांतातला खेळ. पण सर्व्हर कोसळल्याने नगरपित्यांना आपल्याच नगरात प्रवेश मिळेना. हा खेळ इंटरनेटविना चालवणे म्हणजे मोठे काम, असे तेव्हा कंपनी सांगत होती. वर्षभराने तिनेच तशी सोय करून दिली.

गर्दीने कोलमडलेला सर्व्हर दोन दिवसांनी उभा राहतो. नाकेच कायमचे उठले तर काय, हे मायक्रोसॉफ्टच्या 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह'ने दाखवले. ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४', 'फॉलआउट ३' असे नावाजलेले खेळ तिच्याशी बांधले गेले. २०१३ मध्ये तिचे दुकान बंद झाले, पण खेळांच्या पोटात ती तशीच राहिली. जानेवारी २०२० मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' स्टीमवर विकत मिळेनासा झाला. खेळ धडधाकट होता, मागणी होती. पण त्याला लागणारे नोंदणी-क्रमांक मायक्रोसॉफ्ट आता पुरवत नव्हती. दोन महिन्यांनी ती सेवा कापून काढून खेळ परत आला आणि त्या शस्त्रक्रियेत इतरांबरोबर खेळण्याचा सगळा भाग गेला. ज्या खेळांचे निर्माते एवढी खटपट करायला शिल्लक नाहीत त्यांचे काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

वाचकांना ही शंका फार आधी यायला हवी होती. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादावरून ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तके परत काढून घेतली. त्यांत ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' होती. पुढे युरोपातल्या न्यायालयांत खेळ आणि पुस्तके एकाच वळणावर भेटली. उतरवून घेतलेले सॉफ्टवेअरही कायमचे विकत घेतले असेल तर पुन्हा विकता येते, असे युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते. वापरलेल्या ई-पुस्तकांबाबत मात्र त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये नकार दिला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये, फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने स्टीमविरुद्धचा दावा पॅरिसमध्ये जिंकला होता: खरेदीदाराला आपला खेळ पुढे विकता यावा. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यामागचे कारण मला फार बोलके वाटते. खेळ म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर नव्हे; त्यात चित्रे आहेत, संगीत आहे, कथा आहे, म्हणून सॉफ्टवेअरची सवलत त्याला लागू नाही. खेळ ही कला आहे हे पटवून देण्यात चाहत्यांच्या दोन पिढ्या खपल्या. कायद्याने ते मान्य केले, आणि त्याच कारणाने त्यांच्या हातून विकण्याचा हक्क गेला.

२०१४ साली आलेल्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. खेळ एकट्याने खेळता येण्याजोगा होता, पण सर्व्हरशिवाय तो सुरूच होत नसे. पाठोपाठ खरेदीदारांच्या खात्यांवरून त्याचा परवानाही काढला गेला. रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने त्यानंतर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी माफक आहे: सेवा बंद करायची तर करा, पण जाताना खेळ चालू स्थितीत सोडून जा. जुलै २०२५ पर्यंत युरोपातल्या दहा लाखांहून अधिक नागरिकांनी त्यावर सह्या केल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, की परवाना विकत असाल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा. तो लागू होण्याआधीच स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर एक ओळ झळकली: या खरेदीतून तुम्हाला परवाना मिळतो. वीस वर्षे करारनाम्याच्या बारीक टाइपात दडलेली गोष्ट आता गल्ल्यावर लावलेली आहे.

'द क्रू'च्या पुढच्या भागांना इंटरनेटविना चालण्याची सोय देऊ, असे युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. पहिल्या 'द क्रू'ला ती सवलत नाही. त्याच्या तबकड्या लोकांच्या कपाटांत आहेत, त्यांवर ओरखडासुद्धा नाही.