पावसाळ्यात भिंतीला बुरशी का येते? आधी कूलर बघा

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो. पाऊस सुरू झाल्यावर मात्र तोच घरातली ओल वाढवतो. कूलर हवेत बाष्प सोडतो. दमट हवा गार भिंतीला लागली की ओल धरते आणि बुरशी वाढते. अशा घरात दम्याचा त्रास वाढू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच सांगितलं आहे.

काय कराल?

• पावसाळ्यात कूलरमध्ये पाणी भरू नका, नुसता पंखा चालवा.
• स्वयंपाक, आंघोळीनंतर खिडकी उघडा.
• कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.
• बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा, जागा कोरडी करा.
• स्लॅब गळत असेल तर आधी गळती थांबवा. नुसता रंग दिला तर बुरशी परत येते.