डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर महाराष्ट्रात गांजा चालतो का? कायदा काय सांगतो, समजून घ्या

इन्स्टाग्राम किंवा फेसबुक चाळताना 'विजया तेल', 'सीबीडी ड्रॉप्स' अशा बाटल्यांच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. झोप लागत नसेल, सांधे दुखत असतील, केमोथेरपीनंतर भूक मेली असेल, तर हे घ्या, असं त्यात सांगितलेलं असतं. खाली '१०० टक्के कायदेशीर' असा शिक्काही असतो. त्याच फीडमध्ये थोडं खाली गेलं की मुंबई विमानतळावर गांजा पकडल्याची बातमी असते.

एकाच झाडापासून आलेली एक गोष्ट कुरिअरने घरपोच मिळते आणि दुसरीसाठी तुरुंगात जावं लागतं. हे कसं काय?

थोडक्यात उत्तर

- नशेसाठी गांजा, चरस किंवा विनापरवाना भांग महाराष्ट्रात बेकायदेशीर आहे.
- 'मला आजार आहे' किंवा 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून गांजा बाळगण्याची मुभा मिळत नाही.
- भांगेच्या पानांपासून बनवलेलं, परवाना असलेलं आयुर्वेदिक औषध वैद्यांच्या सल्ल्याने घेता येतं. सामान्य रुग्णासाठी मार्ग आहे तो एवढाच.

कायद्याच्या नजरेत गांजा म्हणजे काय?

अमली पदार्थांबाबतचा मुख्य कायदा केंद्राचा आहे: एनडीपीएस कायदा, १९८५. तो संपूर्ण झाडावर सरसकट बंदी घालत नाही, झाडाचे भाग वेगळे करतो.

गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. चरस म्हणजे त्यातून वेगळा काढलेला राळेसारखा चीक. या दोन्हींवर आणि त्यांच्या मिश्रणांवर बंदी आहे. बिया आणि पानं मात्र सोबत फुलोरा नसेल तर गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांपासून बनते, म्हणून ती या केंद्रीय कायद्यातून सुटते.

हा फरक कोर्टातही महत्त्वाचा ठरतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात जामीन देताना गांजाच्या याच व्याख्येवर बोट ठेवलं होतं. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयानेही भांगेच्या एका प्रकरणात आरोपीला जामीन दिला होता.

मग महाराष्ट्रात भांग चालते का?

इथेच अनेकांची गल्लत होते. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत, त्यामुळे भांग देशभर चालते असं वाटतं. पण केंद्राने सोडलेल्या भांगेचं काय करायचं, हे प्रत्येक राज्य ठरवतं.

महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो. नाव दारूबंदीचं असलं तरी भांगही त्यात येते. परवान्याशिवाय ती बनवणं, बाळगणं आणि पिणं हा या कायद्याच्या कलम ६६ नुसार गुन्हा आहे. होळीची थंडाईही याला अपवाद नाही. शेजारच्या गुजरातने २०१७ मध्ये आपल्या नशाबंदी कायद्यातून भांग वगळली. महाराष्ट्राने तसं केलेलं नाही.

'वैद्यकीय कारण' कायद्यात आहे, मग रुग्णाला मुभा का नाही?

एनडीपीएस कायद्याचं कलम ८ सांगतं की वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारण सोडून अमली पदार्थ बाळगता येणार नाही. सोशल मीडियावर हे अर्धंच वाक्य फिरतं. पुढचा भाग असा आहे की ते कारणही कायदा, नियम आणि परवान्यात सांगितलेल्या पद्धतीनेच असायला हवं. म्हणजे कारण आणि परवाना, दोन्ही लागतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाशी तुलना केली की फरक कळतो. तिथेही मौजेसाठी गांजा ओढायला बंदी आहे. ती उठवण्याचा प्रस्ताव २०२४ च्या मतदानात ६० टक्के मतं न मिळाल्याने पडला. पण २०१६ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीमुळे ठरावीक आजारांच्या रुग्णाची नोंदणी होते, त्याला कार्ड मिळतं आणि तो ठरलेल्या दुकानातून गांजा घेऊ शकतो. तिथे परवानगी रुग्णाला मिळते.

महाराष्ट्रात असं कार्ड नाही, अशी नोंदणी नाही आणि गांजा देणारं मेडिकलही नाही. इथे परवानगी मिळते ती औषध बनवणाऱ्याला. आजार कितीही गंभीर असला तरी रुग्णाच्या खिशातला गांजा कायद्यासाठी गांजाच राहतो.

मग 'विजया तेल' कायदेशीर कसं?

आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. आयुर्वेदिक औषधं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. या कायद्याच्या 'ई-१' नावाच्या अनुसूचीत विषारी घटकांची यादी आहे आणि भांग त्यात आहे. असा घटक असलेल्या औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, असा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापावाच लागतो.

म्हणजे पानांपासून बनवलेलं, उत्पादन परवाना असलेलं तेल कायद्याच्या चौकटीत बसतं. तेच तेल फुलोऱ्यापासून काढलं असेल तर गोष्ट बदलते.

सीबीडीचंही तसंच. हा घटक नशा आणत नाही आणि एनडीपीएस कायद्याच्या यादीत त्याचं वेगळं नाव नाही. त्यामुळे तो झाडाच्या कोणत्या भागातून काढला हा प्रश्न कळीचा ठरतो. नशा आणणारा टीएचसी हा घटक मात्र या कायद्याच्या यादीत आहे, आणि तो पानांतही थोडा असतोच. म्हणून लेबल आणि परवाना क्रमांक नसलेली बाटली घेणं जोखमीचं आहे.

हेम्प सीड म्हणजे या झाडाच्या बिया. बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयने २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. ते औषध नाही. 'हेम्प सीड ऑइल' आणि 'विजया तेल' या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सापडलं तर शिक्षा किती?

गांजासाठी १ किलोपर्यंत अल्प मात्रा आणि २० किलोपासून पुढे व्यावसायिक मात्रा मानली जाते. चरससाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत.

- अल्प मात्रा: १ वर्षापर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही
- त्याहून जास्त, पण व्यावसायिकपेक्षा कमी: १० वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाखापर्यंत दंड
- व्यावसायिक मात्रा: १० ते २० वर्षं कारावास आणि १ ते २ लाख रुपये दंड
- केवळ सेवन: ६ महिन्यांपर्यंत कारावास, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही

गॅलरीतल्या कुंडीत एखादं झाड लावलं तरी ती विनापरवाना लागवड ठरते. त्यासाठी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

परदेशातलं कार्ड किंवा चिठ्ठी इथे चालत नाही. अमेरिकेत कायदेशीरपणे घेतलेलं टीएचसी तेल किंवा थायलंडमधला गांजा बॅगेत घालून आणला तर तो आयातीचा गुन्हा होतो.

व्यसन सोडायचं असेल तर याच कायद्यात एक दार आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

विकत घेण्याआधी काय तपासाल?

- लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि मुदत आहे का?
- घटकांत विजयाची पानं असा स्पष्ट उल्लेख आहे का?
- वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापलाय का?
- नोंदणीकृत वैद्यांची चिठ्ठी तुमच्याजवळ आहे का? बिल आणि चिठ्ठी जपून ठेवा.
- जाहिरात 'कॅन्सर बरा होतो', 'मधुमेह जातो' असं म्हणतेय का? असे दावे करणं १९५४ च्या जादूटोणा व औषध जाहिरातीविषयक केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. तिथून काहीही घेऊ नका.
- नोकरीत ड्रग टेस्ट होते का? टीएचसी असलेल्या तेलामुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

घरात कॅन्सरचा रुग्ण वेदनेने तळमळत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं याच एनडीपीएस कायद्याखाली येतात, पण २०१४ च्या दुरुस्तीने ती रुग्णालयांना मिळवणं सोपं केलं. ती कायदेशीर आहेत आणि डॉक्टर ती लिहून देऊ शकतात. त्यामुळे ऑनलाइन बाटली मागवण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल विचारा. आधीपासून तेल सुरू असेल तर तेही त्यांच्यापासून लपवू नका, कारण सीबीडीमुळे इतर औषधांचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो.